सिनेमातला पेच टेबलावर कसा आणायचा

काही सिनेमे बघताना राहून राहून वाटतं, त्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांना हे करून बघता येतं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक गेम मास्टर होतो, त्याला सगळे जीएम म्हणतात. जग आणि त्यातली इतर माणसं त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र घेतात, आपलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि निकाल कुठेही झुकू शकतो अशा जागी फासे टाकतात. आवडलेल्या सिनेमावरून एक-दोन सेशनचा (म्हणजे बैठकींचा) खेळ कसा उभा करायचा, हे मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने सांगतो.

मी पहिल्यांदा जीएम झालो तेव्हा एका सिनेमातले प्रसंग ओळीने वहीत उतरवले होते. तिसऱ्या प्रसंगात नायक पकडला जातो, तुरुंगात त्याला एक म्हातारा कैदी भेटतो आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते. माझ्या खेळाडूंनी पहारेकऱ्याशी गप्पा मारल्या, त्याला आपल्या बाजूला वळवलं आणि ते वेशीबाहेर निघूनही गेले. फार छान खेळले होते. मी मात्र डझनभर शिपाई आणून त्यांना धरून तुरुंगात टाकलं, कारण माझा म्हातारा तिथे बसला होता. त्यानंतरचे दोन तास कोणी मनापासून खेळलं नाही. त्या दिवशी जे समजलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे. सिनेमात सगळे निर्णय घेऊन झालेले असतात, खेळात ते खेळाडूंनी घ्यायचे असतात. म्हणून सिनेमातल्या घटना मागे सोडायच्या आणि त्या ज्या पेचातून निघाल्या तो पेच तेवढा उचलायचा.

सिनेमा निवडताना

सगळेच सिनेमे यासाठी चालत नाहीत. एकट्या माणसाच्या मनात जे घडतं त्यावर उभा असलेला सिनेमा पाच खेळाडूंमध्ये वाटता येत नाही. शेवटच्या पाच मिनिटांतल्या धक्क्यावर उभा असलेलाही पहिल्या खेपेला टाळा, कारण तो धक्का एका खेळाडूला आधीच माहीत असला तर हातात काहीच उरत नाही. चांगला सिनेमा कोणता? ज्यात काही माणसं मिळून एक अवघड काम करतात, काम एका ठरावीक जागी आहे, त्याला मुदत आहे, आणि ते करायचे एकाहून अधिक मार्ग दिसतात. चोरी, सुटका, वेढा, पाठलाग, बंद जागेतला खून हे सगळे प्रकार टेबलावर छान उतरतात.

उदाहरणासाठी मी जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' घेतो. सिनेमा १९५४ चा आहे. गोष्ट अशी: पीक तयार झालं की दरोडेखोर गाव लुटायला येणार, हे गावाला आधीच कळतं. गावाकडे पैसा नाही, फक्त पोटापुरतं अन्न आहे, आणि तेवढ्यावर लढायला तयार होणारे सामुराई, म्हणजे जुन्या जपानमधले योद्धे, ते शोधून आणतात. हाच सांगाडा १९६० साली 'द मॅग्निफिसंट सेव्हन'मध्ये मेक्सिकोतल्या खेड्यात गेला आणि सामुराईंच्या जागी बंदूकबाज आले. इतका सहज हलवता येतो म्हणजे पेच पक्का आहे. 'शोले' (१९७५) आठवून बघा: तिथेही गाव आहे, दरोडेखोर आहे, बाहेरून आणलेली माणसं आहेत. पण मध्यभागी एका माणसाचा सूड येऊन बसला आणि गोष्टीचा जीवच बदलला. खेळ बेतताना हीच मोकळीक तुम्हालाही आहे.

दुसऱ्यांदा बघा, हातात पेन घेऊन

पहिल्यांदा बघितला तो आनंदासाठी. दुसऱ्यांदा बघताना 'मग काय झालं' हे लिहू नका. लिहा: कोणाला काय हवंय? ते का मिळत नाहीये? किती दिवसांत? काहीच केलं नाही तर? हे एका वाक्यात बसेपर्यंत पुढे जाऊ नका. आपल्या उदाहरणात ते असं होईल: गावाला आपलं पीक आणि माणसं वाचवायची आहेत, चाळीस दरोडेखोर पीक पिकल्यावर येणार आहेत, गावाला लढता येत नाही आणि मदत विकत घ्यायला पैसा नाही.

याखाली एक दुसरी यादी करा, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. सिनेमात कोणाला तरी कठीण निवड करावी लागते अशा जागा. या सिनेमात अशा जागा ठासून भरल्या आहेत. गावाच्या बाहेरच्या अंगाला असलेली तीन घरं वाचवता येणार नाहीत, ती सोडून द्यावी लागतील. मग त्या घरातल्यांना हे कोण सांगणार? गावकऱ्यांकडे चिलखतं आणि शस्त्रं लपवलेली निघतात, ती त्यांनी हरून पळणाऱ्या सामुराईंना मारून मिळवलेली असतात. ज्यांच्यासाठी जीव द्यायचा त्यांच्याबद्दल हे कळल्यावर काय करायचं? दरोडेखोर येण्याची वाट बघायची की आधीच त्यांच्या अड्ड्यावर जायचं? सिनेमाने या प्रत्येक प्रश्नाचं एकेक उत्तर दिलंय. तुम्ही उत्तरं खोडा आणि प्रश्न ठेवा. एका सेशनला असे तीन प्रश्न पुरतात.

नायकाला काढून टाका

ही पायरी नवे जीएम हमखास गाळतात. सिनेमातला नायक, त्याचे साथीदार, त्याच्या कामी आलेला तो हुशार म्हातारा, सगळ्यांना गोष्टीतून उचला. आता उरलेल्या जगाकडे बघा आणि विचारा: कोणीच मदतीला आलं नाही, तर पुढे काय काय होईल? तारखेनिशी लिहा. पहिल्या दिवशी दोन टेहळे टेकडीवर दिसतात. तिसऱ्या दिवशी एक घाबरलेलं कुटुंब रात्रीत गाव सोडतं. पाचव्या दिवशी गावातला एक जण दरोडेखोरांशी परस्पर बोलणी करायला निघतो. सातव्या दिवशी हल्ला. ही झाली तुमची पटकथा, आणि ती खेळाडूंबद्दल एक अक्षर बोलत नाही. खेळाडू येऊन ती जिथे जिथे मोडतील तिथे तिथे खेळ होईल.

मुदत नुसती सांगून भागत नाही, ती डोळ्यांना दिसायला हवी. कागदावर एक वर्तुळ काढा, त्याचे सहा किंवा आठ भाग करा आणि ते टेबलाच्या मधोमध ठेवा. वेळ वाया गेला, कोणी गडबड केली, फासे वाईट पडले, की एक भाग रंगवा. 'अ‍ॅपोकॅलिप्स वर्ल्ड' आणि 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळांत याला क्लॉक म्हणतात, पण कुठल्याही नियमांबरोबर ते चालतं. सहावा भाग रंगवायला पेन उचललं की टेबलावरच्या गप्पा आपोआप थांबतात, हे मी दर वेळी पाहतो. 'सेव्हन सामुराई'तही असाच एक कागद आहे. सामुराईंचा म्होरक्या प्रत्येक दरोडेखोरासाठी एक गोल काढून ठेवतो आणि माणूस पडला की त्यावर फुली मारतो. तो कागद जसाच्या तसा टेबलावर आणा. किती उरले हे मोजत बसण्यातली धाकधूक खेळाडूंनाही मिळू दे.

कपडे बदला

खेळाडूंनी सिनेमा पाहिलेला असू शकतो. काळ आणि जागा बदलली की ओळख बरीच पुसली जाते, शिवाय नव्या जागेतून तुम्हाला स्वतःला नव्या गोष्टी सुचतात. मी हा पेच एकदा लघुग्रहावरच्या बर्फाच्या खाणीत नेला होता. पिकाच्या जागी बर्फ वितळवून भरलेली पाण्याची टाकी, दरोडेखोरांच्या जागी टाकी भरली की येणारं लुटारूंचं जहाज. लपवलेल्या चिलखतांच्या जागी आधीच्या रक्षकांचे स्पेससूट, खाणकामगारांनी गोदामाच्या मागच्या कपाटात दडवलेले. आणि शेवटच्या तीन घरांच्या जागी हवेचा दाब टिकवता न येणारा एक जुना बोगदा, ज्यात अकरा माणसं राहत होती.

एकेका गोष्टीला जोडीदार शोधायचा, पण तिचं काम तेच ठेवायचं. पिकाचं काम काय होतं? ते एका ठरावीक वेळी तयार होतं आणि त्यावाचून लोक मरतात. पाण्याची टाकी हे काम करते, सोन्याची पेटी करत नाही. आणि एक मोठी गोष्ट मुद्दाम बदला: गद्दार कोण, माल खरा की खोटा, लुटारूंना खरं तर काय हवंय. ज्याने सिनेमा ओळखला त्यालाही मग खात्रीने काही सांगता येत नाही. माझ्या खाणीत लुटारूंच्या जहाजावरही लहान मुलं होती आणि त्यांचं पाणी संपलेलं होतं. त्या एका बदलाने सगळा खेळ लढाईकडून वाटाघाटीकडे वळला. ते मी ठरवलेलं नव्हतं, खेळाडूंनी वळवलं.

माणसं आणि जागा

जीएमने सांभाळायच्या पात्रांना एनपीसी म्हणतात. सिनेमात पंधरा माणसं असली तरी तुम्ही सहाच्या वर जाऊ नका. दोन-तीन माणसांना जोडून एक करा. प्रत्येकासाठी तीन ओळी पुरे: त्याला काय हवंय, तो कशाला घाबरतो, त्याला असं काय माहीत आहे जे इतरांना नाही. पूर्वायुष्याची दोन पानं लिहिण्यात रात्र जाते आणि टेबलावर त्यातलं काही येत नाही. खलनायकाच्या बाबतीत मात्र एक जास्तीची ओळ लिहा: त्याचा पहिला बेत फसला तर तो काय करेल. सिनेमातल्या खलनायकाचा बेत बहुधा शेवटपर्यंत टिकतो, टेबलावर तो तासाभरात कोसळतो.

जागाही पाच-सहाच. जिथे खेळाडूंना काहीतरी सापडतं, कोणीतरी भेटतं किंवा काहीतरी वापरता येतं तेवढ्याच घ्या. साधा हाताने काढलेला नकाशा समोर ठेवा. नकाशा पाहिल्याशिवाय खेळाडूंना पूल तोडायचं किंवा शेतात पाणी सोडायचं सुचत नाही.

माहिती अडवून धरू नका

रहस्याच्या सिनेमात नायकाला टेबलाखाली पडलेलं बटण बरोबर दिसतं, कारण लेखकाने ते त्याच्यासाठी ठेवलेलं असतं. खेळाडू त्या खोलीत जातीलच असं नाही. गेले तरी फासे चांगले पडतीलच असं नाही. त्यामुळे जे कळल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, त्याकडे नेणारे किमान तीन धागे वेगवेगळ्या ठिकाणी पेरा. एक हमखास सुटतो, एकाचा उलटा अर्थ लावला जातो, तिसरा कामी येतो. रहस्यकथांसाठीच रचलेल्या 'गमशू' पद्धतीत तर नियमच आहे की योग्य जागी योग्य कौशल्य घेऊन गेलं की मुख्य धागा मिळणारच, त्यासाठी फासे टाकायचेच नाहीत. हा नियम मी सगळीकडे वापरतो. धाग्याचा अर्थ लावताना आणि त्यावर कृती करताना जी चुरस येते, ती धागा सापडण्यात कधीच नसते.

नियम कोणते घ्यायचे

इथे थोडा वेळ द्या, कारण नियम गोष्टीचा स्वभाव बदलतात. 'सेव्हन सामुराई'त दरोडेखोरांकडे फक्त तीन बंदुका आहेत. सातपैकी चार सामुराई मरतात, आणि चौघेही गोळीने मरतात. तलवारीत आयुष्य घालवलेल्या माणसाला लांबून आलेली गोळी क्षणात संपवते, हे त्या सिनेमाचं दुखरं टोक आहे. आता 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती घेऊन बघा. तिथे पाचव्या पातळीच्या, म्हणजे बऱ्यापैकी अनुभवी, लढवय्याकडे चाळीसेक हिट पॉइंट असतात (किती मार सोसता येईल त्याचा हा आकडा), आणि मस्केटची, म्हणजे जुन्या लांब बंदुकीची, एक गोळी बारा बाजूंच्या एका फाशावर थोडी भर घालून होईल तेवढंच नुकसान करते. गोळी लागूनही तो लढत राहतो. खेळ दणकेबाज होईल, पण ती भीती गेली. याउलट 'कॉल ऑफ कथुलू'त माणसाकडे साधारण दहा-बारा हिट पॉइंट असतात आणि अनुभवाने ते वाढत नाहीत. तिथे तीन बंदुका खरोखर तीन बंदुका वाटतात. आखलेला बेत फसत जाण्याची मजा असलेला सिनेमा असेल तर 'फियास्को' बघा. २००९ मध्ये आलेल्या त्या खेळात जीएमच नसतो.

अर्थात नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीन नियमपुस्तकं वाचावीत असं मी म्हणत नाही. जे नियम तुमच्या टेबलाला येतात तेच घ्या, आणि सिनेमातली जी भावना तुम्हाला हवी आहे तिच्या आड काय येतंय तेवढं तपासा. वरच्या उदाहरणात पहिल्या पातळीची पात्रं दिली तरी पुष्कळ फरक पडतो.

फाशांचा आणखी एक सापळा. सिनेमात नायक छतावर उडी मारतो, कठड्याला लटकतो आणि वर चढून खिडकीतून आत शिरतो. जीएम सहज म्हणून जातो, तिन्हीसाठी फासे टाक. प्रत्येक वेळी यशाची शक्यता ६५ टक्के असली तरी तिन्ही लागोपाठ जमण्याची शक्यता फक्त २७ टक्के होते. खेळाडू कुशल चोर म्हणून आला होता आणि चारपैकी तीन वेळा तो खाली पडणार. अशा अख्ख्या प्रसंगाला एकदाच फासा टाकायला लावा, आणि तो वाईट पडला तर पाडण्याऐवजी किंमत मागा: तू आत आलास, पण खाली दिवा लागला.

वेळेचा हिशेब

दोन तासांचा सिनेमा दोन तासांत खेळून होत नाही. तीन-चार तासांच्या सेशनमध्ये पाच मोठे प्रसंग झाले तरी भरपूर. शिवाय प्रमाण उलटं होतं. 'सेव्हन सामुराई' २०७ मिनिटांचा आहे आणि त्यातला मोठा भाग सामुराई जमवण्यात जातो. टेबलावर ते आधीच जमलेले आहेत, खुर्च्यांवर बसलेत. तो भाग दहा मिनिटांत उरका. उलट लढाईची आखणी टेबलावर तासभर रंगते: कुंपण कुठे घालायचं, कोणाला भाला द्यायचा, रात्री पहारा कोणाचा. ती रंगत असेल तर रंगू द्या. रेंगाळायला लागली की वर्तुळाचा एक भाग रंगवा.

सुरुवात उशिराची करा. काम घ्यायचं की नाही यावर चर्चा नको, काम घेतलेलं आहे आणि तुम्ही वेशीवर उभे आहात. फक्त प्रत्येक खेळाडूला एक प्रश्न विचारा: या कामात मिळण्यासारखं काही नाही, मग तू हो का म्हणालास? ही उत्तरं लिहून घ्या. तुम्ही बेतलेल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा ती जास्त कामाची ठरतात.

खेळाआधीचं बोलणं

पात्रं बनवायला आणि काय खेळणार आहोत ते ठरवायला जी बैठक होते तिला सेशन झिरो म्हणतात. वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ असेल तर सुरुवातीची पंधरा मिनिटं पुरतात. सिनेमा कोणता ते सांगायलाच हवं असं नाही, पण जातकुळी सांगा: वेढ्याची गोष्ट आहे, पात्रं मरू शकतात, गावकरी साधेभोळे नाहीत. सिनेमातली हिंसा आपण खुर्चीत बसून बघतो, टेबलावर ती आपल्या पात्रावर होते आणि वेगळीच लागते. कोणाला काय नको आहे ते आधी विचारा. मध्येच कोणी एखादा प्रसंग थांबवायला सांगितला, तर कारण न विचारता पुढे जायचं, हेही आधीच ठरवून ठेवा. ही गोष्ट मी कधीही टाळत नाही.

आणि मग खेळाडू काहीतरी भलतंच करतात

ते दरोडेखोरांना जाऊन मिळतील. गाव रिकामं करून पीकच जाळायचा प्रस्ताव आणतील. त्यांच्या म्होरक्याला द्वंद्वाचं आव्हान देतील. अशा वेळी सिनेमा आठवू नका, नायकाला काढल्यावर लिहिलेला तो कागद बघा. म्होरक्याला काय हवंय, तो कशाला घाबरतो, बेत फसला तर तो काय करतो, हे तुमच्याकडे लिहिलेलं आहे. त्यावरून त्याचं उत्तर द्या. सुचलं नाही तर पाच मिनिटांची सुट्टी घ्या, कोणी हरकत घेत नाही. एखाद्याने मध्येच "अरे, हा तर तो सिनेमा!" म्हटलं तर हसून हो म्हणा. त्याला कथा माहीत आहे, तुम्ही काय बदललंय ते माहीत नाही.

शेवट आधी लिहून ठेवू नका. त्याऐवजी दोन प्रश्न तयार ठेवा. सिनेमाच्या शेवटी वाचलेले तिघे सामुराई चार कबरींसमोर उभे असतात आणि शेतात गावकरी गात भाताची लावणी करत असतात. माझ्या खाणीतल्या खेळात कोणी मेलं नाही, पण बोगद्यातल्या अकरा माणसांची घरं गेली. शेवटची लढाई किंवा शेवटची बोलणी झाल्यावर मी फासे बाजूला ठेवले आणि एकेकाला विचारलं: जहाज निघायच्या आधी तू कोणाला भेटायला जातोस, आणि कोणाला भेटायचं टाळतोस?